भाषणाआधी दोन दिवस काउंटरमागे बसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे एका नागरी सहकारी बँकेत तालुक्याच्या ठिकाणी शाखाधिकारी आहेत. वर्धापनदिनाला तीन शाखांच्या मिळून ३४ कर्मचाऱ्यांपुढे ‘संघभावना, मेहनत आणि ग्राहकसेवा’ या विषयावर अर्धा तास प्रेरणादायी बोला, असं मुख्य कार्यालयाने त्यांना कळवलंय. आधी कधी व्यासपीठावरून बोललेले नाहीत. कोणत्या गोष्टी सांगाव्यात, सुविचार कुठले घ्यावेत, आणि अशा भाषणांनी खरंच काही फरक पडतो का, असं त्यांनी विचारलंय.

मी ११ वर्षं बँकेत कारकून होतो, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. पुढची १९ वर्षं बँका, पतसंस्था, रुग्णालयं आणि कारखान्यांतल्या लोकांना प्रशिक्षण देण्यात गेली. तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

फरक पडतो, पण भाषणाकडून नेमकं काय मागायचं हे कळलं तर. अर्ध्या तासाच्या बोलण्याने आळशी माणूस कामाला लागत नाही आणि भांडणारी दोन माणसं एक होत नाहीत. भाषणाने दोनच गोष्टी साधतात. ‘आपण करतो ते कुणीतरी पाहिलंय’ हे माणसाला कळतं, आणि आपलं काम पुढे कुणाच्या दारात जाऊन पोचतं ते त्याला दिसतं. दोन्ही गोष्टी फार मोठ्या आहेत. पण त्या सुविचारांतून येत नाहीत. त्यासाठी बोलणाऱ्याने आधी ते काम डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं.

हे मला कसं कळलं ते सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेने मला याच विषयावर बोलावलं होतं. उडणाऱ्या बदकांची रांग, कुऱ्हाडीला धार लावणारा लाकूडतोड्या, ससा-कासव, सगळं सांगितलं. टाळ्या छान पडल्या. नंतर चहाच्या टेबलाशी एक ज्येष्ठ कर्मचारी बाई आल्या आणि अगदी आदराने म्हणाल्या, “सर, बोललात छान. पण आमच्या तीन काउंटरना मिळून पासबुक छापायचा प्रिंटर एकच आहे, आणि तो दिवसातून चारदा अडकतो. लोक आमच्यावर ओरडतात.” चाळीस मिनिटं मी त्या लोकांना मेहनतीबद्दल सांगत होतो, आणि त्यांची मेहनत रोज कशात वाया जातेय हे मी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून जागा पाहिल्याशिवाय बोलायचं निमंत्रण मी घेत नाही.

गुणवत्तेच्या क्षेत्रात डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे फार मोठं नाव. युद्धानंतरच्या जपानी कारखानदारीवर त्यांच्या शिकवणुकीचा खोल ठसा आहे. व्यवस्थापनासाठी त्यांनी १४ सूत्रं दिली. त्यातलं दहावं सूत्र असं की, कामगारांना उद्देशून लिहिलेल्या घोषणा आणि उपदेश काढून टाका. कारण बहुतेक अडचणी कामाच्या रचनेत असतात आणि ती रचना बदलणं कामगाराच्या हातात नसतं. जे त्याच्या हातात नाही त्याबद्दल त्याला उपदेश केला, की त्याच्या मनात कडवटपणाच साठतो. प्रेरणादायी भाषण करायला उभं राहणाऱ्या प्रत्येकाने हे सूत्र खिशात ठेवावं असं मला वाटतं. तुमच्या बाबतीत तर जास्तच, कारण तुम्ही बाहेरचे वक्ते नाही. ती रचना थोडीफार तरी तुमच्या हातात आहे.

म्हणून तयारी अशी करा. भाषणाआधी दोन दिवस केबिन सोडून काउंटरमागे खुर्ची टाकून बसा. एक दिवस गर्दीचा घ्या, बाजाराचा किंवा पगाराच्या आसपासचा. हातात वही ठेवा, पण कुणाच्या चुका टिपू नका. अडथळे टिपा. ग्राहक किती वेळा ‘या खिडकीवरून त्या खिडकीवर’ जातो, ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य किती वेळा उच्चारलं जातं आणि त्यानंतर ग्राहकाला पुढे काय सांगितलं जातं, एखादी बाई रजेवर असली की तिचं काम कोण करतं आणि त्याला ते येतं का, जेवायला कोण कधी उठतं, हे सगळं बघा.

आणि संध्याकाळी थांबा. हे विसरू नका. शाखेतली संघभावना संध्याकाळी कॅश टॅली होताना दिसते. पाचशे रुपयांचा फरक आला. कॅशियर पुन्हा गड्ड्या मोजतोय. बाहेरचं शटर अर्धं खाली आलंय. अशा वेळी कोण पिशवी उचलून निघतं आणि कोण न सांगता बाजूला बसून व्हाउचर एकेक करून पडताळायला घेतं? फरक सापडला नाही तर ते पैसे कॅशियरच्या खिशातून जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. मी त्या खुर्चीवर बसलोय. माझ्याबरोबर रात्री आठपर्यंत थांबलेला एक शिपाई मला अजून आठवतो. त्याचा या फरकाशी कागदोपत्री काहीच संबंध नव्हता. वर्षभर भिंतीवर टांगलेल्या ‘एकीचे बळ’ या पाटीपेक्षा तो माणूस मला एकी शिकवून गेला. तुमच्या शाखांतही असा कुणीतरी असेल. तो सापडला, की तुमच्या भाषणाची सुरुवात सापडली.

आता तीन विषय.

संघभावनेबद्दल बोलताना ‘आपण सगळे मिळून’ हे शब्द जपून वापरा. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसं वाढतील तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. आठ जण ओढत असताना प्रत्येकाचा वाटा एकट्याने ओढतानाच्या जवळपास निम्म्यावर आला होता. आता कुणी म्हणेल, आठ जणांचा ताल जुळला नसेल. तेही एक कारण होतंच. पण १९७४ साली अमेरिकेत हाच प्रयोग निराळ्या प्रकारे केला गेला. डोळ्यांवर पट्टी बांधलेला एकच माणूस खरोखर ओढत होता, मागचे नुसतं ओढल्यासारखं करत होते. तरीही, आपल्या मागे बरेच जण आहेत असं वाटल्यावर त्याने जोर कमीच लावला. आपल्याकडे हे शेतकऱ्यांना प्रयोगाशिवाय ठाऊक होतं: बारभाईची खेती, काय लागे हाती!

यावरचा उपायही तपासला गेलाय. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की, प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखता येतो असं कळलं की ही ढिलाई जाते. म्हणजे माणसं मुळात कामचुकार नसतात. गर्दीत आपलं काम हरवलं की जोर सुटतो. तेव्हा ‘ग्राहकाच्या तक्रारीकडे सगळ्यांनी लक्ष द्यावं’ असं म्हणू नका. तक्रारवही रोज साडेचार वाजता कोण उघडणार त्याचं नाव ठरवा. लग्नाच्या पंगतीत ‘सगळ्यांनी वाढा’ म्हटलं की एका ओळीला भात दोनदा येतो आणि दुसरीला वरणच येत नाही. जुनी जाणती माणसं ओळी वाटून देतात.

तुम्ही डबेवाल्यांचं उदाहरण घेणार हे मला जवळजवळ ठाऊक आहे, सगळेच घेतात. जरूर घ्या, आपल्या मावळ-खेड-जुन्नरकडच्या माणसांचं ते काम आहे आणि अभिमानाचं आहे. पण नीट सांगा. त्यांना ‘सिक्स सिग्मा’चं, म्हणजे जवळजवळ चूक होतच नाही अशा दर्जाचं, प्रमाणपत्र मिळालंय, असं सर्रास ठोकून दिलं जातं. १९९८ सालच्या एका अमेरिकी मासिकातल्या लेखानंतर ती समजूत पसरली. कुणी शास्त्रीय मोजमाप करून तसं प्रमाणपत्र दिलेलं नाही. ते वगळलं तरी डबेवाल्यांची थोरवी तसूभर कमी होत नाही. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं, आणि करोनाच्या आधी सुमारे पाच हजार माणसं रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत होती. हार्वर्डमध्ये २०१० साली त्यावर अभ्यास लिहिला गेला.

तुमच्या लोकांना त्यातली कामाची गोष्ट सांगा. एक डबा घरापासून कचेरीपर्यंत तीन-चार हातांतून जातो, पण प्रत्येक टप्प्यावर तो एकाच माणसाच्या जबाबदारीवर असतो. झाकणावरच्या खुणांत कुठलं स्टेशन, कुठली इमारत, कितवा मजला हे सगळं असतं, त्यामुळे कुणाला काही विचारत बसावं लागत नाही. आणि प्रत्येक टोळीत काही माणसं राखीव असतात, कुणी आजारी पडलं किंवा गाडी चुकली तर धावून जायला. हा शेवटचा मुद्दा भाषणापेक्षा मुख्य कार्यालयाला पाठवायच्या पत्रात जास्त शोभेल. ज्या शाखेत एक माणूस रजेवर गेला की कर्ज विभागच बंद पडतो, तिथे संघभावनेवर कितीही बोललं तरी ग्राहक परत जाणारच.

मेहनतीबद्दल थोडंच बोला. ‘अजून जास्त झटा’ हे वाक्य ज्याच्यासाठी असतं त्याच्या कानाला लागत नाही, आणि जो आधीच झटतोय त्याच्या मात्र जिव्हारी लागतं. त्याऐवजी पाहिलेली मेहनत नावानिशी सांगा. ‘सगळ्यांनी उत्तम काम केलं’ याला काही अर्थ नाही. ‘एप्रिलमध्ये व्याजावर कर कापला जाऊ नये म्हणून १५-एच फॉर्म भरायला ज्येष्ठांची रांग लागली होती, तेव्हा यांनी आदल्या संध्याकाळीच नावं-खाते क्रमांक लिहून फॉर्म तयार ठेवले, म्हणून आजोबांना फक्त सही करावी लागली’ याला अर्थ आहे. अशी चार वाक्यं तुमच्याजवळ असली तर भाषण झालंच म्हणून समजा. ज्याचं नाव घेणार त्याला आधी विचारा मात्र. काहींना सर्वांसमोर कौतुक नको असतं, आणि कुणाकुणाला त्यावरून नंतर टोमणेही ऐकावे लागतात.

पिग्मी एजंटना बोलावलंय का? ते तुमच्या ३४ जणांत धरलेले नसावेत, अशी माझी शंका आहे, कारण ते पगारी नोकर नसतात, कमिशनवर असतात. १९२८ साली सिंडिकेट बँकेच्या पूर्वसूरी संस्थेने ही रोजची छोटी बचत दारोदार गोळा करायची पद्धत सुरू केली, आणि आपल्या सहकारी बँका व पतसंस्थांनी ती मनापासून उचलली. तुमच्या बँकेचा चेहरा कुणाचा, असं भाजीवालीला विचारलं तर ती अध्यक्षांचं नाव घेणार नाही, पिग्मीवाल्या भाऊंचं घेईल. कुणाचं दुकान आठ दिवस बंद आहे, कुणाच्या घरी लग्न निघालंय, कोण दुसऱ्या बँकेत खातं उघडायच्या विचारात आहे, हे सगळं त्या माणसाला माहीत असतं आणि शाखेत त्याला बसायला खुर्चीही नसते. त्यांना बोलवा, पहिल्या रांगेत बसवा. ग्राहकसेवेवरचं निम्मं शिक्षण तिथेच होईल.

ग्राहकसेवेबद्दल बोलताना एक पाटी टाळा. ग्राहक हा आपल्या वास्तूत येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, अशा अर्थाची महात्मा गांधींच्या नावाची पाटी देशातल्या असंख्य बँकांत टांगलेली असते. ते शब्द गांधीजींचे असल्याचा पुरावा नाही. शोध घेणाऱ्यांना ते १९४१ साली स्टुडबेकर या अमेरिकी मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या नावावर छापलेले सापडले. विचार वाईट नाही. पण ज्यांचा व्यवसायच नोंदी अचूक ठेवण्याचा आहे, त्यांच्यापुढे उभं राहून चुकीच्या खात्यावर जमा करू नये.

‘हसतमुख राहा’ हेही पुरेसं नाही. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून १९८३ साली दाखवलं, की मनात एक असताना चेहऱ्यावर दुसरं आणणं हे सुद्धा कामच आहे, आणि त्याने माणूस थकतो. दिवसाला दीडशे माणसांना तोंड देणाऱ्या मुलीला आणखी हसायला सांगण्यापेक्षा, तिला दिवसातून दहा मिनिटं काउंटर सोडून उठता येईल अशी सोय करा. हसू आपोआप येईल.

ग्राहकाला हसू आवडतं, पण तो त्यासाठी बँकेत येत नाही. काम होणार का, कधी, आणि त्यासाठी काय काय आणायचं, ही तीन उत्तरं त्याला हवी असतात. खेड्यावरून एसटीने आलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणणं म्हणजे त्याची एक मजुरी बुडवणं आहे. ‘आज होणार नाही. परवा ११ नंतर या, येताना आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो आणा’ हे चिठ्ठीवर लिहून देणं, ही मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली ग्राहकसेवा आहे. माझ्या एका जुन्या साहेबांनी छापील चिठ्ठ्यांचं पॅड करून घेतलं होतं. पत्ता, कागद, तारीख, खाली सही. सही असल्यामुळे परवा तो माणूस आला की त्याचं काम करावंच लागायचं.

आणि ‘ग्राहक राजा आहे’ असं म्हणताना दुसरी बाजूही स्पष्ट बोला. काउंटरवरच्या माणसाचा अपमान होतो, आई-बहिणीवरून बोललं जातं, संचालकांचं नाव घेऊन धमकावलं जातं. अशा वेळी मी केबिनमधून बाहेर येईन आणि तुमच्या शेजारी उभा राहीन, हे वाक्य व्यासपीठावरून उच्चारा. उच्चारलं तर पाळायला लागेल, याची तयारी ठेवून उच्चारा. मी पाहिलंय, सबंध भाषणात हे एकच वाक्य लोक वर्षानंतरही जसंच्या तसं सांगतात.

आता सगळ्यात परिणामकारक गोष्ट, जिच्यात तुम्हाला बोलायचंच नाहीये. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या मुलांवर अ‍ॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही जणांची थोड्या मिनिटांसाठी भेट घडवली. महिन्याने पाहिलं तर त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली होती. ज्यांची भेट झाली नव्हती त्यांच्यात असा फरक नव्हता. कुणी त्यांना उपदेश केला नव्हता, त्यांनी फक्त आपल्या कामाचं दुसरं टोक पाहिलं होतं.

तेव्हा तुमच्या अर्ध्या तासातली पाच मिनिटं एका खातेदाराला द्या. संचालकांचा नातेवाईक नको, मोठा ठेवीदार नको. पिग्मीतून पैसे साठवून शिवणयंत्र घेतलेली बाई, बचत गटाची अध्यक्षा, हातगाडीवरून गाळ्यात गेलेला माणूस, असं कुणीतरी. त्यांची रीतसर परवानगी घ्या, कर्जाचे आकडे व्यासपीठावर आणू नका, आणि कौतुकच करा असं पढवूनही ठेवू नका. ‘मधे दोन महिने माझं काम अडलं होतं’ असं त्या म्हणाल्या तर म्हणू द्या.

बांधणीसाठी वेगळं तंत्र शोधायची गरज नाही. आपल्या नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात. आधी एक विचार मांडायचा, मग एका आख्यानातून तो जिवंत करायचा. पंधरा-सोळा मिनिटांत तुम्ही हे करू शकता. विचार एकच घ्या, तिन्ही विषयांना शिवणारा, आणि आख्यान तुमच्या शाखेतलंच. आठ वाजेपर्यंत थांबलेल्या शिपायाची गोष्ट तिन्ही विषय पोटात घेऊन येते. बोली तुमच्या गावाची ठेवा. ‘गुड मॉर्निंग! आवाज नाही आला, पुन्हा एकदा जोरात!’ हे करू नका. समोर पन्नाशीची माणसं आहेत. शक्यतो रविवार घेऊ नका. लोकांची सुट्टी घेऊन त्यांना मेहनतीचं महत्त्व सांगणं बरं दिसत नाही.

उरलेली दहा मिनिटं टाळांसाठी ठेवा. म्हणजे काय, ते सांगतो. माउलींची पालखी मुक्कामाला पोचल्यावर तळावर समाजआरती होते. दिंड्या भोवताली उभ्या असतात, टाळ-मृदंग चालू असतो. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो माणसांचा तो गजर क्षणात थांबतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, काय झालं ते ऐकून घेतात, आणि त्यानंतरच आरती होते. पालखीला सोहळ्याचं रूप देणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांच्या काळापासूनची शिस्त सांभाळणाऱ्या या सोहळ्यात तक्रार करणं म्हणजे बेशिस्त धरलेली नाही, शिस्तीतच तिला जागा करून ठेवलीय. एवढा मोठा समुदाय इतके दिवस एकत्र चालतो, त्यामागे हेही एक कारण आहे असं मी मानतो.

तुमचं बोलून झालं की लोकांना विचारा, कामात काय अडतंय? फळ्यावर लिहीत जा. समर्थन करू नका, ‘ते मुख्य कार्यालयाचं आहे’ असं म्हणून झटकू नका. त्यातली एक गोष्ट तिथल्या तिथे मार्गी लावा: काय होणार, कोण करणार, कोणत्या तारखेला. काउंटरमागच्या दोन दिवसांत दिसलेली एखादी अडचण तुम्ही भाषणाच्या आधीच दूर केली असेल तर फार चांगलं, पण ती व्यासपीठावरून सांगू नका. ज्यांना कळायचं त्यांना ते आधीच कळलेलं असतं.

पहिल्यांदा विचारलंत तर बहुधा कुणीच बोलणार नाही. साहेबांसमोर कोण बोलणार! म्हणून दोन दिवस आधी दाराशी एक डबा आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा, नाव लिहायचं नाही असं सांगा, आणि त्या चिठ्ठ्या सभेत स्वतः न वाचता पिग्मी एजंटांपैकी एकाला वाचायला द्या. चिठ्ठ्या आधी उघडून पाहू नका. एखादी तुमच्याबद्दलही असेल, तीही मोठ्याने वाचली जाऊ द्या.